‘प्रशिक्षण देण्यात आले’ : पण कोणी, कोणाला, किती वेळा?

आरोग्यसेवेतील अंमलबजावणी संशोधन, म्हणजे सिद्ध झालेला उपाय प्रत्यक्ष सेवेत कसा राबवावा याचे संशोधन, कसे लिहावे, याविषयी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी जनऔषधवैद्यकशास्त्राची (कम्युनिटी मेडिसिनची) पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. आशांच्या नवजात बालकांसाठीच्या गृहभेटी वेळेवर आणि पूर्ण व्हाव्यात म्हणून आम्ही एका तालुक्यात गटप्रवर्तकांमार्फत (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या कार्यकर्त्यांमार्फत) एक योजना राबवली आणि शेजारच्या तालुक्याशी तुलना केली. कोणता तालुका निवडायचा हे चिठ्ठी टाकून ठरवले होते, म्हणून निबंध ‘कन्सॉर्ट’नुसार लिहिला. आता परीक्षक म्हणतात, तो ‘स्टारी’नुसार पुन्हा लिहा. आमच्या मार्गदर्शकांच्या मते हा केवळ आणखी एक फॉर्म आहे. खरे काय? (नागपूर)

उत्तर : तुमच्या मार्गदर्शकांचा वैताग समजण्यासारखा आहे. निबंधात काय काय लिहावे हे सांगणारी मानके एकामागून एक आली : यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठीसारख्या योगायोगाने गट ठरवणाऱ्या, चाचण्यांसाठी १९९६ साली ‘कन्सॉर्ट’ आले, निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी २००७ साली ‘स्ट्रोब’ आले, पद्धतशीर समीक्षांसाठी २००९ साली ‘प्रिझ्मा’ आले. आता अशा मानकांची संख्या इतकी झाली आहे, की ती एकत्र ठेवण्यासाठी ‘इक्वेटर नेटवर्क’ नावाचे स्वतंत्र जाळे चालवावे लागते. त्यामुळे २०१७ च्या मार्चमध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या हिलरी पिनॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात अंमलबजावणीच्या अभ्यासांसाठीचे ‘स्टारी’ प्रसिद्ध केले, तेव्हा ‘अजून एक?’ असे अनेकांना वाटले असणार. परंतु या २७ मुद्द्यांच्या तपासयादीत एक गोष्ट आधीच्या याद्यांहून वेगळी आहे, आणि तुमच्या परीक्षकांना बहुधा तीच हवी आहे. ही यादी दोन स्तंभांत मांडलेली आहे. एका स्तंभात उपाय येतो आणि दुसऱ्यात तो उपाय राबवण्याची रीत येते. उद्दिष्टे, पार्श्वभूमी, लोक, परिणाम, खर्च, अशा बहुतेक ठिकाणी लेखकाला दोन वेगवेगळी उत्तरे द्यावी लागतात.

हा भेद तुमच्याच विषयात सर्वांत स्पष्ट दिसतो. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत केलेला घरच्या घरी नवजात बालकांच्या काळजीचा प्रयोग डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ३९ गावांत हा उपाय झाला आणि ४७ गावे तुलनेसाठी होती. तिसऱ्या वर्षी उपायाच्या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आला होता. त्या अभ्यासाचा प्रश्न ‘हा उपाय बाळे वाचवतो का?’ असा होता आणि त्याचे उत्तर मिळाले. पुढे २०११ साली गृहाधारित नवजात बालक काळजी हा देशव्यापी कार्यक्रम झाला. संस्थेत प्रसूती झाली तर आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट द्यायची आणि घरी झाली तर पहिल्या दिवशीचीही भेट त्यात मिळवायची, असे वेळापत्रक ठरले. त्या दिवसापासून प्रश्न बदलला. भेटींनी बाळे वाचतात का, हे तुम्ही पुन्हा शोधत नाही आहात. भेटी होत का नाहीत आणि कशामुळे होऊ लागतील, हे तुम्ही शोधत आहात. गृहभेट हा तुमचा उपाय आहे आणि गटप्रवर्तकांमार्फत तुम्ही जे केले ती तुमची राबवणूक आहे. तुम्ही सोबत पाठवलेल्या निबंधात या दोन गोष्टी एकाच परिच्छेदात इतक्या मिसळल्या आहेत, की नेमके काय तपासले हे मलाही दोनदा वाचून कळले.

इथे एक बारकावा लक्षात ठेवावा. गडचिरोलीच्या प्रयोगात गावच्या आरोग्यदूत घरी जाऊन जंतुसंसर्गावर प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत होत्या. राष्ट्रीय कार्यक्रमात आशांच्या कामाचा भर वजन, ऊब, स्तनपान आणि धोक्याची लक्षणे ओळखून बाळाला पुढे पाठवणे यांवर राहिला. म्हणजे उपायाचा सिद्ध झालेला आकार आणि राबवला जाणारा आकार एकच असतो असे नाही. म्हणूनच ‘या उपायाचे पुरावे आधीच उपलब्ध आहेत’ असे लिहून पुढे जाता येत नाही. कोणत्या रूपाचे पुरावे आहेत आणि तुम्ही कोणते रूप राबवले, हे प्रस्तावनेतच सांगावे, असे ‘स्टारी’चा चौथा मुद्दा मागतो.

आता राबवणुकीकडे येऊ. तुमच्या निबंधात त्यासाठी एकच वाक्य आहे : ‘गटप्रवर्तकांना प्रशिक्षण देण्यात आले व नियमित पाठपुरावा करण्यात आला.’ परीक्षक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक निबंधात हे वाक्य या ना त्या रूपात असते. सरकारी मराठीने आपल्याला लावलेली ही सवय आहे. ‘देण्यात आले’, ‘करण्यात आले’, ‘राबविण्यात आली’ असे लिहिले की कर्ता वाक्यातून नाहीसा होतो, आणि अंमलबजावणी संशोधनात तर कर्ताच महत्त्वाचा असतो. एनोला प्रॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली राबवणुकीच्या प्रत्येक रीतीबद्दल सात गोष्टी लिहाव्यात असे सुचवले होते : ती कोण करतो, नेमके काय करतो, ते कोणावर किंवा कशावर केले जाते, कधी, किती मात्रेत, त्यातून राबवणुकीचा कोणता परिणाम अपेक्षित आहे आणि हीच रीत का निवडली. यांतील मात्रा हा शब्द डॉक्टरांना तरी पटावा. ‘रुग्णास औषध देण्यात आले’ एवढेच केसपेपरवर लिहिणाऱ्या निवासी डॉक्टरला आपण काय म्हणू?

तेच वाक्य, समजा, असे लिहिले : ‘दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तालुक्यातील सर्व गटप्रवर्तकांना एक दिवस आणि नंतर सहा महिने दर मासिक बैठकीत एक तास, आशांच्या भेटींची नोंदवही वाचून राहिलेल्या भेटी ओळखण्याचा सराव करवून घेतला, प्रत्येक गटप्रवर्तकाने आठवड्यातून एक दिवस राहिलेल्या भेटींसाठी त्या त्या आशाबरोबर घरी जाणे अपेक्षित होते, आधीच्या मुलाखतींत आशांनी बाळंतीण माहेरी गेल्यामुळे पत्ता लागत नाही ही मुख्य अडचण सांगितली होती, म्हणून पत्ता शोधण्याचे काम गटप्रवर्तकाकडे दिले.’ वाक्य लांब झाले हे खरे. पण ते वाचून चंद्रपूरचा किंवा छत्तीसगडचा एखादा अधिकारी तीच गोष्ट उद्या करून पाहू शकेल. पहिल्या वाक्यावरून त्याला काहीच करता येणार नाही.

‘कन्सॉर्ट’ की ‘स्टारी’, हा तुमचा मूळ प्रश्न. ‘स्टारी’ ही अभ्यासाच्या आराखड्याची यादी नाही. अंमलबजावणीचा अभ्यास यादृच्छिक चाचणी असू शकतो, आधी आणि नंतरची तुलना असू शकतो, किंवा एखाद्या केंद्राचा सखोल वृत्तांतही असू शकतो. सहावा मुद्दा सांगतो, की आराखडा कोणता ते लिहा आणि त्या आराखड्याच्या मानकाचा आधार घ्या. तेव्हा दोन्ही लागतात. मात्र तुमच्या बाबतीत ‘कन्सॉर्ट’ला मी वेगळ्याच कारणासाठी हरकत घेतो. दोन तालुके घेऊन चिठ्ठी टाकली, तर ती समूहनिहाय यादृच्छिक चाचणी ठरत नाही. प्रत्येक बाजूला एकच समूह असताना, दिसलेला फरक योजनेचा की त्या तालुक्याच्या रस्त्यांचा, वैद्यकीय अधिकाऱ्याचा आणि रिक्त पदांचा, हे कोणतेही गणित वेगळे करू शकत नाही. शीर्षकातून ‘यादृच्छिक’ हा शब्द काढा, ‘तुलना-तालुक्यासह आधी-नंतरचा अंमलबजावणी अभ्यास’ असे लिहा, आणि ही मर्यादा मोकळेपणाने मान्य करा. शीर्षकात किंवा सूचक शब्दांत अभ्यास अंमलबजावणीचा आहे हे यावे, ही तर यादीतील पहिलीच अपेक्षा आहे. नाहीतर समीक्षा करणाऱ्यांना असा निबंध शोधूनही सापडत नाही.

प्रश्न : मी तालुका आरोग्य अधिकारी आहे. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा पाठपुरावा सुधारण्यासाठी आम्ही दीड वर्षे काम केले. औषधे उपकेंद्रापर्यंत नेली, कार्डे बदलली, न आलेल्यांना फोन केले. आकडे आमच्या नेहमीच्या नोंदींतलेच आहेत, तुलनेसाठी वेगळा गट नाही. हे संशोधन म्हणून लिहिता येईल का? एका मित्राने ‘स्क्वायर’ वापरा असे सांगितले. आणि रोजचेच काम असल्याने नैतिकता समितीची परवानगी लागणार नाही ना? (सातारा जिल्हा)

उत्तर : लिहिता येईल. ‘स्क्वायर’ की ‘स्टारी’ हे ठरवताना, तुम्हाला काय सांगायचे आहे ते आधी ठरवा. ‘स्क्वायर’ची सध्याची आवृत्ती २०१५ ची आहे. एखाद्या ठिकाणच्या सेवेची गुणवत्ता तिथल्या लोकांनी कशी सुधारली, हे लिहिण्यासाठी ती प्रामुख्याने वापरतात. आमच्या तालुक्यात अडचण काय होती, आम्ही काय करून पाहिले, काय फसले, मग काय बदलले, ही कथा सांगायची असेल तर ‘स्क्वायर’ योग्य. पण पुरावा असलेला उपाय राबवण्याची ही विशिष्ट रीत इतरत्रही चालेल का, या प्रश्नाकडे निबंध झुकत असेल तर ‘स्टारी’ घ्यावे. सीमारेषा धूसर आहे, हे मान्य करतो.

तुमच्या विषयात उपाय म्हणजे प्रमाणित उपचारपद्धतीने नियमित औषध घेणे, आणि त्याच्या पुराव्यांची कमतरता नाही. २०१७ साली सुरू झालेल्या ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’मध्ये महाराष्ट्रही सहभागी होता. त्या उपक्रमाने सोपी उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा, कामाची संघात वाटणी, रुग्णाच्या सोयीची सेवा आणि नोंदींची व्यवस्था, असे पाच धागे धरले होते. तुमची यादी त्याच्याशी जुळते. मग तुमच्या निबंधात नवे काय? नवे हेच, की या पाचांपैकी तुमच्या तालुक्यात कोणता धागा कधी ओढला आणि कशाने तुटला. ते लिहा.

तुलनेचा गट नसल्याने परिणामाचे श्रेय घेताना हात आखडता ठेवावा लागेल. सुरुवातीचा एक आकडा आणि शेवटचा एक आकडा देण्याऐवजी दीड वर्षाचे सगळे महिने आलेखावर मांडा. त्या काळात औषधांची निविदा अडकली असेल, डॉक्टर बदलले असतील, दुसरी एखादी मोहीम सुरू झाली असेल, तर ते त्या त्या महिन्यापुढे लिहा. अभ्यासकाळात परिस्थितीत घडलेले आणि परिणामावर प्रभाव टाकू शकणारे बदल नोंदवणे, हा ‘स्टारी’तील २३ वा मुद्दा आहे. २०२० आणि २०२१ मध्ये आरोग्य केंद्रांत अभ्यास करणाऱ्या कोणालाही त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

परवानगीबद्दल मात्र तुमचा समज दुरुस्त करावा लागेल. एखाद्या कामाला नैतिकता समितीच्या तपासणीतून सूट द्यायची की नाही, हे समितीने ठरवायचे असते, संशोधकाने नव्हे. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सूट, जलद तपासणी आणि पूर्ण तपासणी असे तीन मार्ग आहेत. तुमच्यासारख्या कामाला पहिल्या दोहोंपैकी एक मिळण्याची शक्यता अधिक, पण अर्ज करावाच लागतो. नेहमीच्या नोंदी वापरताना रुग्णांची ओळख कशी झाकली, हे २७ व्या मुद्द्यात लिहावे लागते. तसेच क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया, म्हणजे सीटीआरआय, १ एप्रिल २०१८ पासून केवळ अभ्यास सुरू होण्यापूर्वीचीच नोंदणी स्वीकारते. तुमचे काम संपलेले असल्याने ती वेळ गेली आहे. पुढच्या टप्प्यासाठी तरी आधी नोंदणी करा.

प्रश्न : मी परिचर्या महाविद्यालयात शिकवते. आमच्या चमूने प्रसूतिकक्षात तपासयादी वापरायला लावली. परिचारिकांचे पालन खूप सुधारले, पण माता आणि बाळांच्या आजारपणात वा मृत्यूंत फरक दिसला नाही. वरिष्ठ म्हणतात, ‘निष्फळ अभ्यास कोण छापणार? फक्त पालनाचे आकडे छापा.’ काय करावे? (कोल्हापूर)

उत्तर : फक्त पालनाचे आकडे छापू नका. वरिष्ठांना उत्तर देण्यासाठी उत्तर प्रदेशातील एक अभ्यास पुढे करा. ‘बेटरबर्थ’ नावाची ही चाचणी २०१७ च्या डिसेंबरमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची तपासयादी हा तिचा विषय होता. ही यादी दाखल करताना, जोर करण्यापूर्वी, जन्मानंतर तासाभरात आणि घरी सोडण्यापूर्वी, अशा चार थांब्यांवर वाचायची असते. उत्तर प्रदेशातील १२० केंद्रे निवडली, त्यांच्या ६० जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतील एका केंद्रात आठ महिने प्रशिक्षित मार्गदर्शकांनी प्रसूती करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या शेजारी उभे राहून, पुढे पुढे भेटी कमी करत, यादी वापरण्याची सवय लावली. दीड लाखाहून अधिक मातांची नोंद झाली.

निकाल दोन स्तंभांत वाचावा. राबवणुकीच्या स्तंभात : दोन महिन्यांनी, निरीक्षण केलेल्या १८ कृतींपैकी मार्गदर्शन मिळालेल्या केंद्रांत ७२.८ टक्के कृती होत होत्या, तुलनेच्या केंद्रांत ४१.७ टक्के. बाराव्या महिन्यात, म्हणजे मार्गदर्शन थांबून चार महिने झाल्यावर, हेच आकडे ६१.७ आणि ४३.९ झाले. आरोग्याच्या स्तंभात : मृत जन्म, पहिल्या सात दिवसांतील बालमृत्यू, मातामृत्यू किंवा मातेची गंभीर गुंतागुंत यांचे एकत्रित प्रमाण एका बाजूला १५.१ टक्के आणि दुसऱ्या बाजूला १५.३ टक्के. म्हणजे फरक नाही.

या निबंधात केवळ पहिला स्तंभ असता, तर देशभर तपासयादी वाटण्याचे आदेश निघाले असते. केवळ दुसरा असता, तर ‘तपासयादी फसली’ एवढेच लोकांच्या लक्षात राहिले असते आणि मार्गदर्शकाने शेजारी उभे राहिल्याने कर्मचाऱ्यांची वागणूक किती बदलते, ही मोलाची माहिती वाया गेली असती. दोन्ही एकत्र असल्यामुळे पुढचा प्रश्न नेमका विचारता येतो : कृती वाढल्या तरी मृत्यू कमी का झाले नाहीत? ज्या कृती वाढल्या त्या पुरेशा प्राणरक्षक नव्हत्या का? की गुंतागुंतीच्या रुग्णाला पुढे पाठवण्याची व्यवस्था, रक्त, कौशल्य यांच्याशिवाय यादी एकटी काही करू शकत नाही? मला स्वतःला दुसरे कारण अधिक पटते. आणि मार्गदर्शक गेल्यावर पालन सुमारे ११ टक्के-बिंदूंनी का घसरले, हा तर अंमलबजावणीचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही वर्षभर पुरेल असा प्रश्न आहे.

तुमच्या निबंधात मात्र एक गोष्ट तपासून पाहा. एका रुग्णालयातील प्रसूतींच्या संख्येवर मातामृत्यूतील फरक दिसण्याची शक्यता मुळातच नव्हती, असे असू शकते. नमुना किती असावा याचे कारण राबवणुकीच्या आणि आरोग्याच्या परिणामांसाठी वेगवेगळे द्यावे लागते. मृत्यूंसाठी तुमचा नमुना तोकडा असेल तर ‘फरक दिसला नाही’ ऐवजी ‘फरक आहे की नाही हे सांगण्याइतकी संख्या नव्हती’ असे लिहावे. उपाय पुरेसा सिद्ध असेल तर आरोग्याचे परिणाम मोजले नाहीत तरी चालते, हे ‘स्टारी’ मान्य करते, पण न मोजण्याचे कारण सांगावे लागते. मोजून झाल्यावर ते लपवायला मात्र कोणतेही मानक परवानगी देत नाही.

प्रश्न : मी मेळघाटात काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. कुपोषित बालकांच्या पाठपुराव्यासाठी आमच्या आराखड्यात दर आठवड्याला फोन करण्याचे ठरले होते. पावसाळ्यात फोन लागेनात, म्हणून आम्ही आठवडी बाजाराच्या दिवशी पालकांना भेटू लागलो. अहवालात हे लिहिले तर निधी देणारे म्हणतील, की आराखडा पाळला नाही. न लिहिणे बरे नाही का?

उत्तर : नाही. तुमच्या अहवालातील सर्वांत वाचनीय भाग कदाचित हाच असेल.

आराखड्याशी इमान राखणे आणि परिस्थितीनुसार बदल करणे या परस्परविरोधी गोष्टी आहेत, असे आपण मानतो. ‘स्टारी’च्या २२ व्या मुद्द्यात त्या एकत्र विचारल्या आहेत, आणि पुन्हा दोन स्तंभांत. राबवणुकीबद्दल विचारले जाते, की ठरवल्याप्रमाणे किती झाले आणि परिस्थितीनुसार तिला कसे बेतले. उपायाबद्दल विचारले जाते, की त्याचा गाभा टिकला का. तुमच्या बाबतीत गाभा आहे तो दर आठवड्याला बालकाची खबर घेणे, आणि फोन हे केवळ साधन आहे. साधन बदलले आणि गाभा टिकला, हे आकड्यांनिशी दाखवता आले तर निधी देणाऱ्यांनी तुमचे आभार मानायला हवेत. पण बाजारात मूल बरोबर नसेल आणि वजन घेता येत नसेल, तर गाभ्यालाच धक्का लागला आहे. तेव्हा तेही लिहावे लागेल. बदल कोणी सुचवला, कोणत्या महिन्यात केला, का केला, आधीच विचार करून केला की अडल्यावर केला, आणि सर्व गावांत केला की काहींत, एवढी नोंद त्या त्या वेळी ठेवली तर पुरे. वर्षाअखेरीस आठवून लिहिलेली नोंद नेहमी प्रत्यक्षाहून अधिक शहाणी दिसते.

परिस्थिती का लिहायची, याचे एक उदाहरण दूरचे आहे, पण इथे चपखल बसते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात अतिदक्षता विभागांतील मध्यवर्ती शिरेच्या नळीतून होणारा जंतुसंसर्ग रोखण्याचा प्रकल्प झाला आणि पीटर प्रोनोव्होस्ट व सहकाऱ्यांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. १०३ अतिदक्षता विभागांची माहिती त्यात होती. दर हजार नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी म्हणजे एक नळी-दिवस) संसर्गाचा सरासरी दर ७.७ वरून दीड वर्षात १.४ वर आला. जगभर बातमी झाली ती ‘साध्या तपासयादीने जीव वाचवले’ अशी. प्रत्यक्षात यादीतील पाच कृतींच्या बरोबरीने प्रत्येक विभागात डॉक्टर आणि परिचारिका असे दोन नेते नेमले होते, सामान एका गाडीत एकत्र ठेवले होते, नियम मोडला तर परिचारिकेने डॉक्टरला थांबवावे असा अधिकार दिला होता, आणि संसर्गाचे आकडे नियमित परत कळवले जात होते. पुढे इंग्लंडने ‘मॅचिंग मिशिगन’ नावाने तसाच कार्यक्रम केला. तिथे संसर्ग कमी झाला, पण तो आधीपासूनच कमी होत होता आणि कार्यक्रमाने त्यात वेगळी भर घातली असे म्हणता आले नाही. मिशिगनमध्ये नेमके कशाने काम केले, याचा शोध समाजशास्त्रज्ञांना नंतर पुन्हा घ्यावा लागला. यादी प्रवास करून गेली, तिच्याभोवतीचे नाते गेले नाही. मेळघाटातील आठवडी बाजार हे असेच नाते आहे. ते तुमच्या अहवालात नसेल, तर नंदुरबारमध्ये कोणीतरी पुन्हा फोनच लावत बसेल.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात लेखा शाखेत आहे. संशोधक मंडळी आमच्याकडे खर्चाचे आकडे मागतात, पण निबंधात ते कुठेच दिसत नाहीत. ‘स्टारी’त खर्चाला जागा आहे का? आणि शब्दमर्यादा तीन हजारांची असताना हे सगळे मावणार कुठे?

उत्तर : जागा आहे. १३ वा मुद्दा खर्च कसा मोजला ते विचारतो आणि २० वा मुद्दा किती आला ते. आणि इथेही दोन स्तंभ आहेत. आशाला नवजात बालकाच्या भेटी पूर्ण केल्याबद्दल मिळणारे २५० रुपये हा उपायाचा खर्च आहे, कारण प्रकल्प असो वा नसो, तो होणारच. गटप्रवर्तकांचे प्रशिक्षण, त्यांचा जादा प्रवास, बैठकीचा चहा, नोंदवह्यांची छपाई, आणि ज्या वैद्यकीय अधिकाऱ्याने महिन्यातील काही तास बाह्यरुग्ण विभाग सोडून या कामाला दिले त्याचा वेळ, हा राबवणुकीचा खर्च आहे. शेवटची बाब तुमच्या वहीत कधीच येत नाही, कारण पगार वेगळ्या शीर्षाखाली पडतो. नेमकी तीच बाब दुसऱ्या जिल्ह्याला सर्वांत महाग पडते. त्यामुळे संशोधक तुमच्याकडे पुन्हा आले, तर व्हाउचरांबरोबर कोणी किती तास दिले याचा कागदही मागा. तो अभ्यास चालू असतानाच ठेवावा लागतो.

शब्दमर्यादेचा त्रास खरा आहे, पण तो पळवाट होऊ नये. बहुतेक नियतकालिके पूरक फाइल स्वीकारतात. प्रशिक्षणाचा आराखडा, कार्डांचे नमुने, फोनवर काय बोलायचे त्याची संहिता हे सारे तिथे द्यावे आणि तपासयादीत पृष्ठक्रमांक टाकावा. नंतर कोणी विचारले तर पाठवू, हा भरवसा फारसा उपयोगी नाही. औषधेतर उपचारांच्या १३७ वर्णनांची तपासणी टॅमी हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केली. त्यांपैकी ३९ टक्केच पुरेशी होती. लेखकांना पत्रे पाठवून मागितल्यावरही ते प्रमाण ५९ टक्क्यांपुढे गेले नाही. त्यातून पुढच्या वर्षी उपचारवर्णनासाठी ‘टायडियर’ ही १२ मुद्द्यांची यादी आली. उपायाच्या स्तंभासाठी ती जरूर वापरावी, आणि २७ पैकी एखादा मुद्दा तुमच्या अभ्यासाला लागू नसेल तर तिथे ‘लागू नाही’ असे कारणासह लिहावे. मानक तयार करणाऱ्यांनीच, सर्व मुद्दे प्रत्येक अभ्यासाला लागू होतील वा शक्य होतील असे नाही, हे स्पष्ट केले आहे. रिकामा चौकोन मात्र सोडू नये. तो पाहून परीक्षकाला विसर पडला की टाळले, हे कळत नाही.